सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आणि बसंतरची लढाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की नाशिक रोड, देवळाली, पाथर्डी फाटा, सिन्नर इकडच्या शाळांमधून मला बोलावणं येतं. १६ डिसेंबर म्हणजे विजय दिवस. मी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. रणगाड्यावर मी नोकरी केलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. खेत्रपाल साहेबांची गोष्ट मी गेली बरीच वर्षं मुलांना सांगतो आहे. मुलं, आईबाप आणि वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेणारे शिक्षक दरवर्षी जवळपास तेच प्रश्न विचारतात. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून इथे सगळं एकदा नीट लिहून काढलं आहे.

अरुण खेत्रपाल कोण होते?

भारतीय सैन्यातल्या पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमधले सेकंड लेफ्टनंट. १९७१ च्या युद्धात, १६ डिसेंबरला, पाकिस्तानातल्या शकरगडच्या भागात बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ ते लढता लढता पडले. वय २१ वर्षं, २ महिने, २ दिवस. १३ जून १९७१ ला त्यांना कमिशन मिळालं होतं, म्हणजे अधिकारी म्हणून नोकरी झाली होती जेमतेम सहा महिने. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आलं.

तुम्ही वयानं एवढे मोठे, मग एकवीस वर्षांच्या मुलाला 'साहेब' का म्हणता?

फौजेत वय बघून साहेब म्हणत नाहीत. माझ्या नोकरीत कितीतरी कोवळे लेफ्टनंट आले, मिसरूडही न फुटलेले. आम्ही जुने लोक त्यांना चार गोष्टी शिकवायचो आणि साहेबच म्हणायचो. खेत्रपाल साहेब मला नातवाच्या वयाचे वाटतात, पण तोंडातून दुसरा शब्द निघत नाही.

त्यांचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. त्यांचा जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५०. घराणं पंजाबी, मूळ सरगोध्याचं; सरगोधा फाळणीनंतर पाकिस्तानात गेलं. वडील सैन्याच्या इंजिनिअर्समध्ये अधिकारी होते आणि पुढे ब्रिगेडियर झाले. शाळा हिमाचलात सनावरला झाली. १९६७ मध्ये ते खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, दाखल झाले. तिथल्या परेड ग्राउंडला आज त्यांचंच नाव आहे.

पूना हॉर्सची मुळं १८१७ च्या पुण्यात आहेत. आणि युद्ध पेटलं तेव्हा साहेब नगरला होते, रणगाडा दलाच्या केंद्रात तरुण अधिकाऱ्यांचा कोर्स करत. तो अर्धवट सोडून ते रेजिमेंटकडे निघाले. सामानात गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा गणवेश घेतला होता, असं सांगतात. लाहोरला पोचल्यावर गोल्फ खेळू आणि विजयाच्या मेजवानीला निळा गणवेश लागेलच, असा त्यांचा हिशेब. मुलांना हे ऐकून हसू येतं. हसू द्यावं. एकविसाव्या वर्षी माणूस असाच असतो.

ही लढाई नेमकी कुठे झाली? तिथेच का?

नकाशा काढून बसा. पठाणकोटहून जम्मूला जाणारा रस्ता बोटानं दाखवा. जम्मू-काश्मीरला जायला त्या काळी तोच मोठा रस्ता. त्याच्या दक्षिणेला पाकिस्तानचा एक भाग फुगवट्यासारखा आपल्याकडे घुसलेला दिसेल, तो शकरगडचा भाग. तिथून शत्रूनं मुसंडी मारली असती तर तो रस्ता तुटला असता. म्हणून आपल्या सैन्यानं आधीच त्या भागात शिरायचं ठरवलं. वाटेत बसंतर नदी आडवी. नदी फार मोठी नाही, पण तिच्या दोन्ही बाजूंना सुरुंगांचे रुंद पट्टे पेरलेले होते.

१५ डिसेंबरच्या रात्री ४७ इन्फंट्री ब्रिगेडच्या पायदळानं नदी ओलांडून पलीकडे पाय रोवले. इंजिनिअर्सचे जवान अंधारात सुरुंग काढत होते. काम पुरं व्हायच्या आतच पलीकडून निरोप आला की शत्रूचे रणगाडे हलताना दिसताहेत. पायदळाकडे रणगाड्यांना थोपवण्यासारखं फारसं काही नव्हतं. पूना हॉर्सनं वाट पाहिली नाही. अर्धवट साफ झालेल्या सुरुंगांच्या पट्ट्यातून त्यांनी रणगाडे पुढे काढले.

आमच्या भागातल्या मुलांना मी एक गोष्ट आठवायला सांगतो. देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की नाशिक रोडला खिडक्यांची तावदानं थरथरतात. इतक्या लांबून ही गत. आता तेच आवाज दोन-चारशे मीटरवर आणा, मध्ये धुकं आणि धूर भरा, आणि पायाखालची जमीन केव्हाही उडू शकते हे मनात धरा.

१६ डिसेंबरला सकाळी काय घडलं?

सकाळी आठच्या सुमाराला धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन रणगाडे जरपालवर चालून आले. पूना हॉर्सच्या 'बी' स्क्वाड्रनवर (स्क्वाड्रन म्हणजे रेजिमेंटमधली रणगाड्यांची तुकडी) भार आला आणि स्क्वाड्रन कमांडरनं वायरलेसवर कुमक मागितली. खेत्रपाल साहेब 'ए' स्क्वाड्रनमध्ये होते, जवळच. आपल्या रणगाड्यांसह ते लगेच निघाले.

वाटेतच शत्रूच्या मोर्चांमधून, म्हणजे दबा धरून बसलेल्या ठाण्यांमधून, त्यांच्यावर मारा सुरू झाला. बाजूनं निघून जाता आलं असतं. पण ते थेट त्या मोर्चांवर घुसले आणि पिस्तूल रोखून शत्रूच्या सैनिकांना शरण यायला लावलं. त्यांच्या सोबतच्या एका रणगाड्याचा कमांडर यातच मारला गेला. साहेब थांबले नाहीत. मोर्चे मोडून ते 'बी' स्क्वाड्रनपाशी पोचले. तोवर शत्रूचे रणगाडे मागे सरायला लागले होते. त्यांच्या पाठीवर जाऊन साहेबांनी एक फोडला.

थोड्या वेळानं शत्रू पुन्हा आला, या वेळी जास्त ताकदीनं. समोर आपले फक्त तीन रणगाडे: कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अहलावत आणि खेत्रपाल साहेबांचा. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग यांचा सगळ्यांना हुकूम होता की एकही रणगाडा तसूभर मागे येणार नाही. अहलावत जखमी झाले, त्यांचा रणगाडा गेला. मल्होत्रांच्या रणगाड्याची तोफ बिघडली. उरला एकच रणगाडा, त्याचं नाव 'फामागुस्ता'. त्यालाही गोळा लागला, आग लागली, साहेब गंभीर जखमी झाले. वायरलेसवर सांगितलं गेलं, रणगाडा सोडा, बाहेर या. ते म्हणाले, "नाही साहेब, मी रणगाडा सोडणार नाही. माझी तोफ अजून चालू आहे." पुढे शत्रूला उद्देशून एक शिवीही आहे. शाळेत ती सांगायची गरज नाही, पण ते शब्द धगधगत्या लोखंडात उभ्या असलेल्या माणसाचे आहेत एवढं लक्षात असू द्या.

त्यांनी आणखी एक रणगाडा उडवला, जेमतेम शंभर मीटरवर. मग दुसरा गोळा लागला.

शत्रूला तिथून फट मिळाली नाही. त्याच दुपारी ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठला पश्चिमेकडेही तोफा थंडावल्या. एक-दीड दिवसाचं अंतर. ही गोष्ट सांगताना मी इथे दर वेळी अडखळतो.

रणगाड्यात ते एकटेच होते का?

हा प्रश्न मला सात-आठ वर्षांपूर्वी पाथर्डी फाट्याकडच्या एका शाळेत सातवीतल्या मुलीनं विचारला. माझं भाषण झालं होतं, टाळ्या झाल्या होत्या. ती उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, गाडी कोण चालवत होतं?" माझ्याकडे नाव नव्हतं. आयुष्यभर तोफेवर सहा-सात जणांच्या तुकडीत काम केलेला माणूस मी, आणि त्या रणगाड्यातली बाकीची माणसं मला ठाऊक नव्हती. घरी येईपर्यंत चैन पडलं नाही. हे लिखाण खरं तर तिच्यामुळे आहे.

तर, 'फामागुस्ता' हा सेंच्युरियन जातीचा, जवळपास ५० टनांचा रणगाडा, आणि त्यात चार माणसं असतात. पुढे खालच्या अंगाला ड्रायव्हर. वरच्या फिरत्या बुरुजात उजवीकडे कमांडर, त्याच्या गुडघ्यांशी, खाली, गनर. डावीकडे लोडर. तोफेत गोळा भरायचं आणि वायरलेस सांभाळायचं काम त्याचं. गोळा १८-२० किलोचा, जागा आपल्या घरातल्या न्हाणीघराएवढीही नाही, आणि गाडी सतत हेलकावत असते. नगरच्या संग्रहालयात सेंच्युरियनच्या शेजारी उभं राहून मी बुरुजावरचं झाकण पाहिलं आहे. धडधाकट माणूस खांदे आकसूनच त्यातून बाहेर पडेल. आत आग लागली आणि जखम झालेली असेल तर काय, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

कमांडर स्वतः तोफ डागत नाही. तो डोकं बाहेर काढून लक्ष्य शोधतो, दिशा, अंतर आणि गोळ्याचा प्रकार सांगतो, हुकूम देतो. नेम धरतो गनर. म्हणजे 'साहेबांनी रणगाडे उडवले' असं आपण म्हणतो तेव्हा ते हुकूम साहेबांचे होते. नेम नत्थू सिंग यांचा होता, गोळे नंद सिंग यांच्या हातातून तोफेत गेले होते, आणि रणगाडा प्रयाग सिंग चालवत होते. नंद सिंग त्याच लढाईत त्याच रणगाड्यात गेले. नत्थू सिंग आणि प्रयाग सिंग वाचले, आणि साहेबांनी शेवटी काय केलं हे जगाला सांगायला तेही होते.

यानं साहेबांचा मोठेपणा कमी होतो का, असं एका शिक्षकांनी मला विचारलं होतं. मला उलट वाटतं. सहा महिने नोकरी झालेल्या पोराच्या शब्दावर तीन जवान जळत्या रणगाड्यात आपापलं काम करत राहिले. हा विश्वास पट्ट्या लावून मिळत नाही. माझ्या नोकरीत मी पाहिलं आहे, जवान अधिकाऱ्याला पहिल्या आठवड्यात जोखतो.

त्यांनी हुकूम मोडला. मग हे शौर्य कसं? फौजेत तर हुकूम म्हणजे हुकूम.

नववी-दहावीची मुलं हे हमखास विचारतात आणि विचारायलाच हवं.

रणगाडा सोडा असं सांगणं हे त्यांचा जीव वाचावा म्हणून होतं. बाहेरून बोलणाऱ्याला आग दिसत होती. आतल्या माणसाला आणखी दोन गोष्टी माहीत होत्या: तोफ चालू आहे, आणि आपल्यामागे दुसरा रणगाडा उरलेला नाही. ते बाहेर पडले असते तर त्या पट्ट्यातून शत्रूला पायदळापर्यंत सरळ वाट होती. सकाळपासून सगळ्या रेजिमेंटला मिळालेला मोठा हुकूम 'मागे हटायचं नाही' हाच होता. तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. त्यांच्या सन्मानपत्रातही हेच कारण दिलं आहे: आपण रणगाडा सोडला तर शत्रू आत घुसेल, हे ओळखून ते थांबले.

मात्र मुलांनी यातून 'हुकूम मोडणारा तो वीर' असं काही घेऊ नये. ज्याला परिस्थिती समोर दिसते आणि जो परिणाम स्वतःच्या अंगावर घ्यायला तयार आहे, त्यानंच असा निर्णय घ्यावा. शाळेत गृहपाठ टाळताना हा दाखला चालत नाही.

त्यांनी किती रणगाडे उडवले? कुणी चार म्हणतं, कुणी दहा.

त्या चकमकीत शत्रूचे १० रणगाडे निकामी झाले, त्यातले ४ खेत्रपाल साहेबांच्या वाट्याचे. एका स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका मुलानं जोशात "एकट्यानं पन्नास रणगाडे" असं सांगितलं आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या. मुलाचा दोष नाही, त्याला तसं लिहून दिलं होतं. पण चार पॅटन समोरासमोर फोडणं म्हणजे काय असतं हे ज्याला कळतं, त्याला पन्नासची गरज वाटत नाही.

सर्वात कमी वयाचे परमवीर चक्र विजेते तेच का?

त्या वेळी होते. १९९९ मध्ये कारगिलच्या टायगर हिलवर योगेंद्र सिंह यादव यांनी १९ व्या वर्षी हा मान मिळवला, आणि ते हयात आहेत. पुष्कळ भाषणांत अजून जुनंच वाक्य असतं, ते बदला.

परमवीर चक्राबद्दल थोडं सांगा.

आजवर २१ जणांना मिळालं, त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर. पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. जन्मानं युरोपियन, लग्नानं मराठी, संस्कृत आणि पुराणांचा गाढा अभ्यास. त्यांनी पदकावर इंद्राची चार वज्रं कोरली. दधीची ऋषींनी आपली हाडं दिली तेव्हा वज्र घडलं, ही कथा आपल्याला आजीकडून कळलेली असते. १९७१ च्या युद्धातली चार परमवीर चक्रं, त्यातली दोन या एकाच लढाईतली. दुसरे मेजर होशियार सिंग, ३ ग्रेनेडिअर्स, जरपालचंच ठाणं राखणारे. ते जखमी होऊनही लढले आणि जगले. पूना हॉर्सचे आणखी एक परमवीर म्हणजे १९६५ च्या युद्धातले लेफ्टनंट कर्नल तारापोर.

घरच्यांना कसं कळलं?

तारेनं, युद्ध संपल्यानंतर. त्या काळी सगळ्या घरांना तसंच कळायचं. साहेबांवर सांब्याजवळ अंत्यसंस्कार झाले आणि अस्थी घरी आल्या. यापेक्षा जास्त या विषयावर मी शाळेत बोलत नाही. समोरच्या मुलांमध्ये कुणाचा तरी बाप सीमेवर असतो.

शत्रूच्या अधिकाऱ्यानं त्यांच्या वडिलांची भेट घेतली होती, हे खरं आहे का?

खरं आहे. २००१ मध्ये ब्रिगेडियर खेत्रपाल ८१ वर्षांचे होते. आपलं जन्मगाव एकदा पाहावं म्हणून ते पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचे यजमान होते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. सगळ्या घरानं त्यांचा पाहुणचार असा केला की म्हाताऱ्यालाही नवल वाटलं. निघायच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितलं की १९७१ मध्ये मी १३ लान्सर्समध्ये मेजर होतो, आणि तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. त्याच्या शौर्याबद्दल ते आदरानं बोलले.

वडील काय बोलले असतील हे मला सांगता येणार नाही, आणि भाषणात कुणी त्यांच्या तोंडी वाक्यं घालू नयेत. तेही सैनिक होते. समोरच्यानं आपलं काम केलं हे त्यांना कळत होतं. आणि ते बापही होते. एका नाशिककर माऊलीनं मला विचारलं होतं, "त्यांना त्या घरी रात्री झोप लागली असेल का हो?" मला काही बोलता आलं नाही.

'शहीद' म्हणावं की 'हुतात्मा'?

मराठीत 'हुतात्मा' हा आपला शब्द आहे आणि तो सुंदर आहे. 'वीरगती प्राप्त झाली' असंही म्हणतात. मी साधं 'लढताना गेले' म्हणतो. शब्दावरून वाद घालत बसू नका.

असा एखादा मराठी तरुण सांगता येईल का?

नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, मराठा पलटणीचे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत, १० जुलै १९४४ ला, त्यांच्या तुकडीतले सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. ते एकटे धावत गेले, हातबॉम्बनं मशीनगन बंद पाडली, टॉमीगननं एकाला टिपलं, गोळ्या संपल्या तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना मारलं. मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच कोसळले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीत माँतोने गावी २०२३ मध्ये सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक झालं. कोकणात जाताना माणगावला चहाला सगळेच थांबतात. पाच मिनिटं काढून पुतळ्यापाशी जाऊन या.

साहेबांचा रणगाडा बघायला मिळतो का?

'फामागुस्ता' नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाडा दलाच्या केंद्रात जतन केला आहे. केंद्र लष्करी हद्दीत आहे, त्यामुळे तो बघायचा तर आधी चौकशी करून घ्या. सगळ्यांसाठी खुलं असलेलं रणगाडा संग्रहालय त्याच शहरात आहे. तिथे सेंच्युरियन आणि पॅटन दोन्ही बघता येतात. नाशिकहून शाळेची सहल शिर्डी-राहुरीमार्गे एका दिवसात होते. उन्हाळ्यात नेऊ नका, लोखंड तापतं आणि मुलं हात लावल्याशिवाय राहत नाहीत.

माझ्या मुलाला किंवा मुलीला सैन्यात अधिकारी व्हायचं आहे. नाशिकमध्ये काय सोय आहे?

बारावीच्या सुमारास एनडीएची परीक्षा देता येते, वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. २०२२ पासून मुलीही एनडीएत आहेत आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण देणारी सरकारी संस्था नाशिकमध्येच आहे. नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र लेखी परीक्षा पास झालेल्या उमेदवारांची मुलाखतीची तयारी विनामूल्य करून घेतं. भोसला सैनिकी शाळा तर १९३७ पासून आहेच. हजारो रुपये भरून क्लास लावण्याआधी या ठिकाणी चौकशी करा.

आणि एक. मुलाला ढकलू नका. ज्याला आतून जायचं असतं तो पहाटे पाचला स्वतः उठून पळायला जातो.

भाषणासाठी पाचच मिनिटं आहेत. सुरुवात कशी करू?

"हे वीरभूमी" वगैरे नको. पहिलं मिनिट नकाशाला द्या: रस्ता, फुगवटा, नदी, सुरुंग. मग सकाळचे आठ, धूर, आणि समोरून येणारे पॅटन. मग रणगाड्यात कोण कोण बसलं होतं ते सांगा, चारही नावं घेऊन: अरुण खेत्रपाल, नत्थू सिंग, नंद सिंग, प्रयाग सिंग. पुढचं आपोआप सुचत जातं. आवाज चढवू नका, माईक असतो.